हत्ती घेण्याआधी चाऱ्याचा हिशेब

गाडी जुनी होते तशी तिची किंमत उतरते. तिच्या टायरची, क्लचची आणि इंजेक्टरची किंमत काही उतरत नाही. जुनी एसयूव्ही घ्यायला निघालेल्या माणसाने एवढं पाठ केलं तरी पुढचा निम्मा मनस्ताप टळतो. नवी असताना तेरा-चौदा लाखांना पडलेली गाडी आठ वर्षांनी सहा-सात लाखांत मिळते. तेवढ्यात नवी हॅचबॅक येते, म्हणून आपण दोन्ही शेजारी ठेवून तुलना करतो. ही तुलना फक्त खरेदीच्या दिवसापुरती खरी असते. दुसऱ्या दिवसापासून एका दारात छोट्या गाडीचा खर्च सुरू होतो आणि दुसऱ्या दारात चौदा लाखांच्या गाडीचा.

विम्याच्या कागदावर हे स्वच्छ दिसतं. अपघातात गाडी पुरती गेली तर कंपनी जी रक्कम धरते तिला आयडीव्ही म्हणतात. ती नव्या गाडीच्या किमतीतून ठरावीक घसारा वजा करून काढतात. पहिल्या सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के. पुढची किंमत मालकाने आणि कंपनीने आपसांत ठरवायची. म्हणजे पाच वर्षांत गाडी कागदावर निम्मी होते. आता थर्ड पार्टी विम्याचा वार्षिक दर पाहा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये आहेत, जीएसटी वेगळा. हा दर इंजिनाच्या आकारावर ठरतो, गाडीच्या वयावर किंवा भावावर नाही. दोन हजार सीसीची गाडी तुम्ही कितीही स्वस्तात आणा, विमा तिला मोठीच समजतो. टायरवाला आणि डिझेलचा पंपही तसंच समजतो.

एकाच नावाच्या दोन जाती

एसयूव्ही हे नाव आज बाजारात इतकं सैल झालं आहे की त्याखाली बांधणीने अगदी वेगळ्या असलेल्या दोन जातींच्या गाड्या विकल्या जातात. जुनी गाडी पाहताना हा फरक आधी समजून घ्यावा लागतो, कारण दोघींची तपासणी वेगळी असते.

पहिली जात लॅडर फ्रेमची. दोन लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणारे आडवे दांडे, आणि या चौकटीवर रबरी माउंट टाकून बोल्टने बसवलेली बॉडी. ट्रक असाच बांधतात. महिंद्राची बोलेरो आणि स्कॉर्पिओ, टाटांची सुमो आणि जुनी सफारी, टोयोटाची फॉर्च्युनर या सगळ्या याच घरातल्या. दुसरी जात मोनोकॉकची. तिला वेगळी चौकट नसते. पत्र्याचे भाग एकमेकांना वेल्ड करून बनलेलं कवच हाच तिचा सांगाडा. २०१२ मध्ये आलेली रेनॉ डस्टर आणि २०१५ मधली ह्युंदाई क्रेटा या त्यातल्या. मोनोकॉक गाडी हलकी असते, वळणावर स्थिर राहते, डिझेल कमी पिते. लॅडर फ्रेमची गाडी खड्डे, ओझं आणि वर्षानुवर्षांची हेळसांड जास्त सोसते. त्याची किंमत वजनात आणि हेलकाव्यात मोजावी लागते.

आपल्याकडे ही पहिली जात रुजली ती जीपमुळे. लुधियानात १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झाली आणि मुंबईत विलीज जीपची जुळणी करू लागली. पुढे टाटांनी पुण्यातून १९९४ मध्ये सुमो आणि १९९८ मध्ये सफारी आणली. जून २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ बाहेर पडली. पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखाली कंपनीच्या अभियंत्यांनी ती घडवली होती. २०१४ मध्ये तिला नवी चौकट मिळाली. ग्रामीण महाराष्ट्रात झेडपीच्या निवडणुकीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळीकडे ती पांढऱ्या रंगात दिसते. त्यामुळे जुन्या बाजारातही तिला तोटा नाही.

माझ्याकडे आहे ती २०१६ची. इंजिन २१७९ सीसीचं टर्बो डिझेल, १२० अश्वशक्तीचं. मागच्या चाकांना ताकद देणारी, बीएस-४ मानकाची. घर कराडात, शेत पाटण तालुक्यात, बहीण चिपळूणला. म्हणजे कोयनेकाठचे पावसाळी रस्ते आणि कुंभार्ली घाट हे नेहमीचे. नवी गाडी परवडत नव्हती आणि छोटी गाडी शेताच्या वाटेवर पोटाला घासत होती. कारण एवढं साधं होतं.

ही गाडी आली कुठून?

विकणारा पहिल्यांदा सांगतो तो मीटर: “फक्त साठ हजार पळालीय.” जुन्या एसयूव्हीत हा आकडा सगळ्यात कमी कामाचा. मुंबई-पुणे-कोल्हापूर करत दीड लाख किलोमीटर धावलेल्या गाडीचं इंजिन बहुतेक वेळ पाचव्या गिअरमध्ये, नेमक्या तापमानाला चाललेलं असतं. शहरात रोज चार किलोमीटर शाळा-बाजार केलेल्या गाडीचं डिझेल इंजिन पुरतं तापतच नाही; काजळी साचते, ईजीआर व्हॉल्व्ह चोंदतो, क्लच झिजतो. खाणीवर किंवा साइटवर वापरलेली गाडी चाळीस हजारांतच बुश आणि बॉल जॉइंट घालवून बसते. तेव्हा किती पळाली यापेक्षा कुठे पळाली हे विचारावं.

मीटर मागे फिरवणं अवघड राहिलेलं नाही, पण गाडीचे बाकीचे भाग खोटं बोलत नाहीत. ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत झालंय का, स्टिअरिंगवरची जाळी पुसली गेलीय का, चालकाच्या सीटची उतरायच्या बाजूची कड दबलीय का, हे पाहायचं. टायरच्या अंगावर चार आकडे एका चौकटीत कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. मीटर तीस हजार दाखवतो आणि चारही टायर गाडीच्या जन्मानंतर तीन वर्षांनी बनलेले निघतात, तेव्हा मूळ टायर कुठे झिजले हा प्रश्न विचारायलाच हवा. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत दर भेटीचं किलोमीटर लिहिलेलं असतं. मालकाला सांगून ती यादी काढून घ्यावी.

दिल्लीची गाडी हा आणखी एक प्रकार. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच उचलून धरलं. त्यामुळे तिथले मालक मुदत भरत आली की गाडी काढायला पाहू लागले आणि ‘ना हरकत’ घेऊन ती दुसऱ्या राज्यांत येऊ लागली. भाव पाहून डोळे विस्फारतात. मात्र महाराष्ट्रात नव्याने नोंदणी करायची म्हणजे इथला रस्ता कर आला, आणि डिझेल गाडीला तो पेट्रोलपेक्षा जास्त असतो. त्यात आरटीओची धावपळ, एजंटचे पैसे आणि वाहतूक मिळवली की फरक बराच आटतो. शिवाय त्या गाडीचा मिस्त्री, जुना मालक आणि सर्व्हिस सेंटर सगळे हजार-दीड हजार किलोमीटरवर राहिलेले असतात.

तिसरा प्रकार पुराचा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात किती गाड्या छतापर्यंत बुडाल्या हे या भागातल्या माणसाला सांगायला नको. त्यातल्या काही धुऊन-पुसून विक्रीला येतात. इंजिन दुरुस्त होतं. वायरिंग आणि सेन्सरच्या जोडांमधला गंज मात्र वर्षभराने डोकं वर काढतो. म्हणून सीटबेल्ट टोकापर्यंत बाहेर ओढून पाहायचा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ असेल तर तिथेच थांबायचं. सीटखालची रूळपट्टी, डॅशबोर्डच्या मागचे स्क्रू, मॅटखालचा नमदा, फ्यूजचा डबा या जागा कोणी सहसा धूत नाही.

थंड इंजिन, कोरडं इंजिन

गाडी बघायला माझ्याबरोबर कराडचे जुने डिझेल मिस्त्री आले होते. त्यांची फोनवरच अट होती: आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही आणि धुवायचीही नाही. एका ठिकाणी बॉनेट उघडलं तर इंजिन लखलखीत, वर पॉलिशचा वास. मिस्त्रींनी बॉनेट तसंच खाली लावलं.

“साहेब, आंघोळ घालून बसवलंय. गळतंय कुठं ते आता देवालाच ठावं. चला.”

“चालू करून तर बघू.”

“गरम हाय. हात लावा की. आपण यायच्या आधीच फिरवून आणलीय.”

यात जुन्या डिझेल गाडीच्या तपासणीचं निम्मं शास्त्र आलं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. रात्रभर थंड पडलेल्या इंजिनात दाब कुठे गळत असेल, ग्लो प्लग गेले असतील किंवा इंजेक्टर नीट फवारत नसेल, तर ते पहिल्या दहा सेकंदांत कळतं. तापलेल्या इंजिनात हेच दोष लपून जातात.

सुरू झाल्यावर धुराचा रंग पाहायचा. जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर थोडा काळा धूर बीएस-४ गाडीत चालतो. सतत काळा म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल खाते, तेही टर्बोतून किंवा पिस्टनच्या रिंगांवरून. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ येतो आणि जातो. इंजिन तापल्यावरही राहिला तर कूलंट जळतंय का हे पाहावं लागतं. मग इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करायचं. तिथून धुराचे भपकारे येत असतील तर पेटलेला वायू रिंगांमधून खाली उतरतोय आणि इंजिन उघडायची वेळ जवळ आलीय. ऑइल किंवा कूलंट दुधाळ तपकिरी दिसलं तर दोन्ही एकमेकांत मिसळलेत. कूलंटची टोपी मात्र इंजिन थंड असतानाच उघडायची. तापलेल्या रेडिएटरचं पाणी तोंड भाजतं.

रस्त्यावर घेतल्यावर तीन गोष्टी. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर दाबायचा. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच सरकतोय. १८०० आवर्तनांच्या आसपास टर्बोची ओढ जाणवायला हवी. ती आलीच नाही किंवा शिट्टीसारखा कर्कश आवाज आला तर टर्बो किंवा त्याच्या होजमध्ये काहीतरी आहे. मोकळ्या सपाट रस्त्यावर स्टिअरिंग क्षणभर सैल सोडायचं आणि गाडी कोणत्या बाजूला जाते ते पाहायचं. शेवटी स्कॅनर लावायचा. ईसीयूत साठलेले दोष त्यात वाचता येतात. सगळंच कोरं दिसलं तर विकणाऱ्याने नुकतंच पुसलेलं असू शकतं, म्हणून एक लांब फेरी मारून स्कॅनर पुन्हा लावावा.

खाली वाका

लॅडर फ्रेमच्या गाडीचं खरं वय वरच्या रंगात नसतं. बॉडी ठोकून सरळ करता येते, पत्रा बदलता येतो, लांबी भरून रंग मारला की नवी दिसते. लांबी भरलेल्या जागी साधं लोहचुंबक चिकटत नाही, एवढी युक्ती पुरेशी असते. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टांवर पाना लागल्याच्या खुणा असतील तर ते कधीतरी उघडलेत. मात्र खरचटलेला दरवाजा वेगळा आणि वाकलेली चौकट वेगळी. चौकट वाकली की अलाइनमेंट कितीही करा, टायर एकाच कडेने खात राहतात.

म्हणून गाडी पिटवर किंवा लिफ्टवर घ्यायची आणि दोन्ही तुळया टॉर्च लावून टोकापासून टोकापर्यंत पाहायच्या. कारखान्याचं वेल्डिंग सारखं आणि सलग असतं. हाताने केलेलं ओबडधोबड. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीत आडव्या दांड्यांच्या जोडांवर पापुद्रे सुटलेले दिसतात. सगळीकडे नुकताच काळा रंग मारलेला असेल तर विकणाऱ्याने आपलं गंजाचं काम वाचवलंय, तुमचं नाही. चौकटीवर ठोकलेला चॅसिस नंबर आरसीवरच्या नंबराशी अक्षर-अक्षर जुळवायचा. त्याच्या भोवती घासल्याची खूण दिसली तर सौदा तिथेच संपतो. मग सस्पेन्शनचे बुश, बॉल जॉइंट, शॉकअब्सॉर्बरवरून ओघळलेलं तेल, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि डिफरन्शियलची गळती.

मोनोकॉक गाडी असेल तर लक्ष वेगळीकडे. पुढच्या ॲप्रनवर, खांबांवर आणि डिकीच्या तळाशी कारखान्याचे गोल स्पॉट वेल्ड सारख्या अंतरावर दिसायला हवेत. तिथे सांधा उघडून पुन्हा जोडलेला दिसला तर सांगाड्यालाच मार बसलेला आहे.

आणखी एक गोष्ट गाडीखाली नाही, व्हेरियंटच्या नावात लपलेली असते. १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस आणि १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीत या गोष्टी मालकाने पैसे मोजले असतील तरच असतात. मे २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आपटून पाहिली तेव्हा प्रौढांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य तारे मिळाले. त्याच फेरीत इतर कंपन्यांच्या छोट्या गाड्यांचीही तीच गत झाली होती. २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच तारे मिळाले. दोन्ही गाड्यांच्या पाठीवर नाव जवळपास सारखंच आहे. पत्रा जाड म्हणून गाडी सुरक्षित, हा समज घरात अजून पक्का असेल तर ही दोन निकालपत्रं शेजारी ठेवावीत. मी दोन एअरबॅग आणि एबीएस असलेलाच व्हेरियंट शोधला, त्यासाठी थांबावं लागलं, आणि मागे समोरासमोर बसण्याची आडवी बाकं असलेल्या गाड्या सोडून दिल्या.

विसार देण्याआधी कागद

गाडी आवडली की हात खिशाकडे जातो. तिथे थांबून आधी गाडीचा नंबर एमपरिवहनमध्ये टाकावा. मालक कितवा, नोंदणी कधीची, विमा आणि पीयूसी चालू आहे का, कर्जाचा बोजा चढलेला आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. “हप्ते फिटलेत हो” हे तोंडी सांगणं आरटीओत चालत नाही. ई-चलनं वेगळी पाहावीत. काही गाड्यांवर वेगमर्यादेची इतकी चलनं साठलेली असतात की आधीचा मालक गाडी कशी हाकत होता याचं प्रमाणपत्रच मिळतं.

नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. विकणारे याकडे दुर्लक्ष करतात, तेही स्वतःच्या जिवावर. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं की नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच कायद्याने मालक. गाडी प्रत्यक्षात चौथ्या हाती गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून सही करून कोरे फॉर्म एजंटच्या हाती देऊ नयेत. विकतानाही नाही आणि घेतानाही नाही.

विम्यात एक बारकावा असतो. पॉलिसी १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायला हवी. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा करायला पॉलिसीवर आपलं नाव लागतं. ५० टक्क्यांपर्यंत जाणारा नो क्लेम बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. तो जुन्या मालकाबरोबर जातो आणि हप्ता अचानक वाढलेला दिसतो. फास्टॅग जुन्या मालकाचा असेल तर काढून नवा लावावा. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा पाटी बसवली आहे का तेही पाहावं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती वाढते. बारा वर्षांची गाडी घेणारा माणूस तीनच वर्षांची नोंदणी विकत घेत असतो, हे भाव करताना बोलून दाखवावं.

पहिल्या वर्षाचा चारा

गाडी घरी आली की पहिलं काम गॅरेजचं. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिफरन्शियलचं ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, चारही फिल्टर आणि पट्टे, सगळं बदलून नोंदवहीत तारीख आणि किलोमीटर लिहायचं. आधीच्या मालकाने कालच बदललंय म्हटलं तरी बदलायचं. आपला हिशेब शून्यापासून सुरू होतो. मग येतात झिजलेले भाग. माझ्या गाडीला चार टायर, क्लच सेट, पुढचे बुश आणि शॉकअब्सॉर्बर लागले. तो गाडीचा दोष नव्हे, वयाचा. रक्कम लाखाच्या घरात गेली, आणि ती खरेदीच्या वेळीच बाजूला काढलेली असल्याने टोचली नाही. मिस्त्रींचा ठोकताळा असा: गाडीच्या किमतीचा सहावा भाग पहिल्या वर्षी तिच्यावर खर्च होणार असं धरायचं, आणि तेवढे हातात नसतील तर एक पायरी खालची गाडी घ्यायची.

डिझेलचंही गणित मांडू. लिटरला ९० रुपये, लिटरमागे १२ किलोमीटर आणि वर्षाला १५ हजार किलोमीटर धरले तर १,२५० लिटर, म्हणजे १,१२,५०० रुपये. छोट्या पेट्रोल गाडीला लिटरमागे १८ किलोमीटर आणि १०४ रुपये भाव धरला तर सुमारे ८७ हजार. डिझेल स्वस्त पडतं हा समज एसयूव्हीच्या वजनापुढे टिकत नाही.

उंचीवरून चालवताना

मोठी गाडी छोट्या गाडीसारखी चालवता येत नाही, याचं कारण पदार्थविज्ञानात आहे. गाडी वळणावर कलंडेल की घसरेल हे ढोबळमानाने एका गुणोत्तरावर ठरतं: डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. अमेरिकेतली महामार्ग सुरक्षा संस्था हाच आकडा वापरते. साध्या मोटारींत तो साधारण १.३ ते १.५ असतो, एसयूव्हींत १.० ते १.३. आकडा जितका कमी तितकी कलंडायची शक्यता जास्त. म्हणून समोर कुत्रं आलं की झटक्यात स्टिअरिंग वळवण्याची सवय या गाडीत सोडावी लागते. सरळ रेषेत ब्रेक लावणं जास्त सुरक्षित. कॅरिअरवर आंब्याच्या पेट्या रचल्या की गुरुत्वमध्य आणखी वर जातो. जड सामान खाली, मागच्या सीटला टेकवून ठेवायचं.

दुसरा मुद्दा वजनाचा. माणसं आणि सामान धरून दोन टनांची गाडी सह्याद्रीच्या माथ्यावरून कोकणात उतरताना निदान ५०० मीटर खाली येते. त्या उंचीत साठलेली ऊर्जा जवळजवळ ९८ लाख ज्यूल भरते; तेवढ्यात सुमारे २९ लिटर पाणी उकळेल. ही सगळी उष्णता एकट्या ब्रेकवर टाकली तर पॅड आणि ब्रेक ऑइल तापतं, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ जातं. त्यावर उपाय जुन्या एसटी चालकांचा: ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा. इंजिनच गाडी धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये घाट उतरून डिझेल वाचवणारे उलटी चूक करतात. गिअरमध्ये उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसेल तर आधुनिक डिझेल इंजिन इंधन जवळपास बंदच करतं, न्यूट्रलमध्ये मात्र ते सुरू राहण्यासाठी डिझेल पीत राहतं. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हा नुसता शिष्टाचार नाही, नियमच आहे.

एसयूव्ही म्हणजे फोर-बाय-फोर, हाही गैरसमज. रस्त्यावरच्या बहुतेक एसयूव्हींत दोनच चाकांना ताकद जाते. मागची चाकं ढकलणारी गाडी रिकामी असली की चिखलात तिची शेपटी सुटते, ओल्या वळणावर जास्त ॲक्सिलरेटर दिला की तीच बाहेर जाते. सात माणसं भरली की तीच गाडी चढावर मुकाट चढते.

पाण्यातून जाताना उंचीचा भरवसा धरू नये. हवा आत घेणारं तोंड पाण्याखाली गेलं की सिलिंडरमध्ये पाणी शिरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पुलावर बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, ओढून बाहेर काढायची. त्यातही वाहत्या पाण्याची गोष्ट वेगळीच. बॉडीचा जितका भाग पाण्यात, तितकं वजन पाणी उचलतं. दोन टनांची गाडीही चाकांवरची पकड सोडते.

घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवायची नाही, हेही शिकावं. टर्बोचं चक्र मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं आणि त्याचं बेअरिंग इंजिनाच्या ऑइलवर तरंगत असतं. इंजिन बंद झालं की ऑइलचा पुरवठा थांबतो. मिनिटभर तसंच चालू ठेवलं तर टर्बो निवतो.

कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये

रोज वीस किलोमीटर शहरात जायचं, वर्षातून दोनदा गावाला आणि एकदा कोकणात, अशा घराने जुनी एसयूव्ही घेऊ नये. त्या तीन प्रवासांना सात जणांची गाडी चालकासकट भाड्याने मिळते आणि उरलेलं वर्ष पार्किंगची जागा, डिझेल आणि झोपही वाचते. बीएस-६ डिझेल गाडीत तर छोट्या शहरी फेऱ्यांनी काजळीचा फिल्टरच चोंदतो. सोसायटीच्या फाटकातून आत येताना शेजाऱ्याने पाहावं एवढ्यासाठी घेणाराही लवकरच विकायला काढतो. आणि त्याची गाडी, प्रामाणिकपणे सांगायचं तर, घ्यायला सगळ्यात चांगली असते.

आठवड्याचे निम्मे दिवस खराब रस्ता, घाट किंवा सहा-सात माणसं हाच ज्याचा वापर आहे, ज्याच्या गावात त्या गाडीचे भाग आणि हात दोन्ही मिळतात, आणि ज्याच्याकडे किमतीपलीकडचा सहावा भाग शिल्लक आहे, त्याने ती जरूर घ्यावी. नव्या गाडीची पहिली पाच वर्षांची घसरण दुसऱ्याने सोसलेली असते आणि नीट राखलेलं डिझेल इंजिन अजून अर्धं आयुष्य हातात ठेवून येतं. शेवटचा निर्णय सोपा करायचा असेल तर गाडीचा भाव काही वेळ विसरावा. तिचा वर्षाचा विमा, डिझेल, टायर आणि सर्व्हिस कागदावर मांडून बाराने भागावं, आणि तो आकडा घरखर्चात बसतो का एवढंच पाहावं. बसत असेल तर भावासाठी घासाघीस करायला बसा. नसेल तर चहा घेऊन उठा.